सीटच्या वरचं, सीटच्या खालचं

लिफ्टवाल्यांच्या घरात संसाराची वाटणी फार वर्षांपूर्वी झाली होती आणि ती दोघांनीही कधी मोडली नव्हती. सीटच्या वरचं ते काकूंचं, सीटच्या खालचं ते लिफ्टवाल्यांचं. सीट म्हणजे अर्थातच मोटारसायकलची. वरचं म्हणजे फोम, रेक्झिन, शिलाई, पाठ टेकायची गादी, डिक्क्यांमध्ये काय भरायचं, कधी निघायचं, कुठे थांबायचं आणि कोणाकडे मुळीच थांबायचं नाही. खालचं म्हणजे इंजिन, ब्रेक, ऑइल, चाकं आणि त्या सगळ्यांची दुखणीखुपणी. काकूंनी कधी वाकून चाकाकडे पाहिलं नाही आणि लिफ्टवाल्यांनी कधी सुईला हात लावला नाही. इतर घरांत नवरा-बायको ज्यावरून एकमेकांचं डोकं खातात, ते सगळं या घरात एका सीटने वर आणि खाली नीट लावून दिलं होतं.

लिफ्टवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं आणि ते त्यांना चिकटलं. "वर गेलो, खाली आलो, वर गेलो, खाली आलो," ते म्हणायचे, "जन्म गेला, पण वाटेत एक वळण लागलं असेल तर शपथ." या दुःखावर उपाय म्हणून लेक शाळेत असतानाच त्यांनी एक जुनी, भली दांडगी मोटारसायकल घरी आणली. लांबच्या प्रवासाची. पुढे वारा अडवायची काच, दोन्ही बाजूंना डिक्क्या, मागे खुर्चीसारखी ऐसपैस सीट. दारात उभी केली तेव्हा शेजारीण विचारायला आली, पाहुणे कोण आलेत म्हणून. काकूंनी गाडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचं नाव ठेवलं, धाकटी. त्या दिवसापासून त्या घरात "धाकटीची अंघोळ झाली का?", "धाकटीला आज बरं नाही वाटतं," असली भाषा राजरोस चालू झाली. नवऱ्याने सवत आणलीच आहे, तर निदान तिच्या पाठीवर बसून हिंडून तरी घ्यावं, असा काकूंचा व्यवहारी विचार होता.

काकूंचा धंदा कुशनचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं जाडजूड शिलाई मशीन होतं आणि भिंतीला टेकून रेक्झिनचे गठ्ठे. स्कूटरची सीट असो, टेम्पोची असो, दवाखान्यातल्या बाकाची गादी असो, काकूंच्या हाताखालून गेलेली शिलाई उसवली असं कोणी ऐकलं नाही. बसणारा माणूस नुसता पाहून त्या सांगायच्या, याला डावीकडे थोडा जास्त फोम लागेल. आणि लागायचा.

पण काकूंचं खरं कसब मागच्या सीटवर दिसायचं. मागे बसणं म्हणजे पोत्यासारखं पडून राहणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी जड गाडीवर मागे बसून पाहिलेलं नसतं. गाडी वळताना झुकते, आणि मागच्याने तिच्याबरोबर झुकायचं असतं; कमी नाही, जास्त नाही. काकू डोळे मिटून बसायच्या. रस्ता त्यांना दिसायचा नाही, तो त्यांना नवऱ्याच्या पाठीतून समजायचा. वळण जवळ आलं की लिफ्टवाले गुणगुणायला लागत. कसलं गाणं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण ती गुणगुण पाठीतून काकूंच्या छातीत उतरायची आणि नवऱ्याचा खांदा आत जायच्या आधी त्यांचा खांदा आत गेलेला असायचा. "मी गाडी चालवतो," लिफ्टवाले चारचौघांत सांगायचे, "आणि ही वळवते."

हे चारचौघे म्हणजे रविवारची मंडळी. पेट्रोल पंपाशेजारच्या चहाच्या दुकानासमोर दर रविवारी सकाळी जड गाड्यांची रांग लागायची. गाड्यांचे मालक पिकल्या केसांचे, गुडघे धरून उतरणारे. पण बोलणं असं, की जणू कालच जग जिंकून आलेत. या मंडळीत लिफ्टवाल्यांचा आवाज सगळ्यात मोठा, आणि एका विषयावर तर तो छप्पर उडवायचा. तो विषय म्हणजे कारचा टायर.

झालं असं होतं, की भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी एकदा आपल्या गाडीला मागे चक्क कारचा टायर लावून आणला. जड गाड्यांवरून लांब लांब फिरणारे काही लोक असं करतात, आणि बाकीचे लोक त्यांना वेड्यात काढतात. कारण मोटारसायकलच्या टायरचं पोट गोल असतं. गाडी झुकली की तोही तिच्याबरोबर कुशीवर होतो. कारचा टायर फळीसारखा सपाट. कार कधी झुकत नाही, मग तो तरी कुशीवर व्हायला कशाला शिकेल?

"पण टिकतो किती, ते बघा ना," मास्तर म्हणाले होते. "दुसरे दोन झिजतील तोवर हा एक चालतो."

"टिकायला दगडही टिकतो!" लिफ्टवाले कडाडले. "उद्या चाकाला दगड बांधाल? मास्तर, अहो, बूट पायातच घालायचा. मजबूत आहे म्हणून कोणी डोक्यावर घालत नाही!"

मंडळी पोट धरधरून हसली. त्यानंतर दर रविवारी मास्तर आले की लिफ्टवाले विचारायचे, "काय मास्तर, आज तुमची कार कुठे लावणार?" थट्टा थट्टेत राहिली असती तर ठीक होतं. पण लिफ्टवाल्यांना थांबायचं कुठे ते कळत नसे, हा त्यांचा जुना रोग. शेवटी मास्तर आपली गाडी रांगेच्या पार पलीकडे, हवा भरायच्या यंत्रापाशी लावायला लागले. काकूंना ते आवडलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला चांगलं फैलावरही घेतलं होतं. पण टायर हा सीटच्या खालचा विषय, म्हणून मग त्यांनी तो सोडून दिला.

आणि मग काकूंची कंबर गेली.

वर्षानुवर्षं मशीनवर वाकून काम केल्याचा हिशेब कंबरेने एका सकाळी एकदम मागितला. रेक्झिनचा गठ्ठा उचलायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, धक्के तर अजिबात नकोत. नात्यातल्या बायका येऊन बसायला लागल्या. ज्यांच्या स्वतःच्या कंबरा कधी धड नव्हत्या, त्यांनी तर उपाय सांगण्यात हात धुऊन घेतले. मशीनवर चादर पडली. काकू खिडकीपाशी ताठ पाठीच्या खुर्चीत बसून राहायच्या आणि हातांकडे बघायच्या.

लिफ्टवाले रविवारी एकटे निघायचे आणि चहा निवायच्या आत परत यायचे. "एवढ्यात आलात?" काकू विचारायच्या. "रस्त्यात मजा नाही," ते म्हणायचे. मागची सीट मोकळी असली की धाकटी वळणावर उगाच हलकी होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी काकूंनी मशीनवरची चादर काढली. दुखणं थोडं उतरलं होतं, आणि रिकामपण डोक्यात गेलं होतं. त्यांनी ठरवलं, स्वतःसाठी सीट शिवायची. अशी, की धक्का लागलाच तर तो सीटमध्येच जिरून जावा. तळाला घट्ट फोम, त्यावर मऊ, त्यावर आणखी मऊ, मध्ये कंबरेच्या खाली एक खोलगट जागा. एक शिलाई घालायची, उठून फेरी मारायची, परत येऊन दुसरी घालायची. सीट झाली तेव्हा त्या लेकीला फोन करून तासभर तिच्याबद्दल बोलल्या.

पहिली फेरी गल्लीच्या टोकापर्यंतची होती, ती लांबत लांबत शहराबाहेर गेली. काकू जीव मुठीत धरून बसल्या होत्या. पहिला खड्डा आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला. जिथे एरवी कंबरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली असती, तिथे नुसता गादीवर बसल्यासारखा हेलकावा. घरी येऊन उतरल्या तेव्हा काकूंचे डोळे भरले होते.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "माझ्या हातात अजून आहे म्हटलं!"

"आहे बाई, आहे," लिफ्टवाले म्हणाले, आणि रविवारी जाऊन त्यांनी त्या सीटची अशी काही जाहिरात केली की मंडळीतल्या दोघांनी आपापल्या बायकांसाठी तशाच सीट शिवून घेतल्या. दोघींचेही पाठोपाठ निरोप आले, की कंबर होती तशीच दुखतेय. काकूंनी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बसायचं कसं तेही शिकावं लागतं बायांनो. सगळंच फोमवर ढकलून कसं चालेल?

कंबरेचा प्रश्न मिटला. पण काकूंच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला आणि तो त्यांना रात्रंदिवस खायला लागला.

गाडी वळत नव्हती.

म्हणजे वळायची, पण पूर्वी जी अलगद कलायची, ती आता नाइलाजाने कलायची. वळणाच्या मध्येच पुन्हा उभी राहू बघायची. डोळे मिटून बसलेल्या काकूंना नवऱ्याची पाठ लागत होती, आणि ती पाठ आता दगडासारखी ताठ होती. दंड थरथरायचे. आणि गुणगुण बंद झाली होती. एकाही वळणावर नाही. घरी आल्यावर लिफ्टवाले पाठ वळवून मनगटं चोळत बसायचे. काकू आल्या की हात खिशात.

काकूंनी याचा एकच अर्थ लावला, आणि दुसरा कोणता लावणार होत्या? गाडी तर तीच होती; तिच्या मागच्या सीटवर त्यांची इतकी वर्षं गेली होती. फरक पडला होता तो माणसात. नवऱ्याच्या हातांतला जोर गेला होता. धाकटी आता त्यांना पेलत नव्हती आणि ते हे कबूल करणार नव्हते.

मग त्यांना इतर गोष्टीही दिसायला लागल्या. पूर्वी लिफ्टवाले गाडी ऐटीत उभी करायचे, शेपूट रस्त्याकडे. आता मागे ढकलत नेऊन तिचं मागचं चाक अगदी भिंतीला टेकवून लावायचे. मागच्या मडगार्डला त्यांनी एक लांब रबरी झालरही बसवली होती, चिखल उडतो म्हणून. काकूंना वाटलं, भिंतीचा आधार लागतो आता. गाडी कलंडेल अशी भीती वाटत असणार बिचाऱ्यांना.

त्या दिवसापासून काकू मागे ताठ बसायला लागल्या. डोळे उघडे ठेवून, दोन्ही पाय घट्ट रोवून. यांचे हात सुटलेच तर आपण मागून धरायला तयार असलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात.

लेकीला त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मग विकून टाका ना. एक छोटी कार घ्या. बाबांना मी सांगते."

"तू नको," काकू म्हणाल्या. "मी सांगेन."

पण सांगायचं कसं? धाकटी गेली तर या माणसाचं काय होणार, ते काकूंना स्वच्छ दिसत होतं. ते त्याच खिडकीपाशी बसणार, समोरच्या इमारतीतली लिफ्ट कशी आवाज करतेय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि नाही विकली तर एके दिवशी कुठल्यातरी वळणावर ते दोघांनाही घेऊन पडणार. काकूंनी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून त्यांना रडू आलं. शेवटी त्यांनी ठरवलं, की गिऱ्हाईक आधी पाहून ठेवायचं आणि मग एकदाच काय ते बोलायचं. गाडी निदान जपणाऱ्या माणसाकडे तरी जावी.

त्यांनी मास्तरांना फोन केला.

मास्तर आले ते लिफ्टवाले दाताच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हा. काकूंनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. हात, थरथर, भिंत, सगळं. मास्तर ऐकत राहिले. इतका अपमान सोसलेला माणूस. त्यांना यात थोडी तरी गंमत वाटायला हवी होती. पण त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी एक चक्कर मारून बघू?" ते म्हणाले. "घेणाऱ्याला सांगताना गाडी कशी आहे ते ठाऊक असलेलं बरं."

धाकटीला परक्या माणसाचा हात लागायची ही पहिलीच वेळ. काकूंनी खुंटीवरची किल्ली काढून दिली तेव्हा आपण चोरी करतोय असं त्यांना वाटलं. मास्तर गल्लीच्या टोकाला वळले आणि दिसेनासे झाले.

परत आले ते वेगळेच होऊन आले. गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि मागच्या चाकापाशी जाऊन ती रबरी झालर वर उचलली. मग तिथेच उकिडवे बसून हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत.

"काय झालं?" काकू दारातून म्हणाल्या. त्यांना वाकून बघता येत नव्हतं. "मास्तर, अहो, हसताय काय?"

"वहिनी, यांचे हात गेले असं कोण म्हणालं तुम्हाला?" मास्तर उठत म्हणाले. "या गाडीला मागे कारचा टायर आहे!"

काकूंना काही कळेना.

"कारचा. माझ्यासारखाच. पहिल्या वळणालाच माझ्या लक्षात आलं. हा टायर गाडीला झुकू देत नाही, सारखी उभी करतो. हँडलवर असा जोर लावून तिला वाकवून धरावी लागते, अख्खं वळण संपेपर्यंत. मला एकट्याला चालवताना घाम फुटतो. हे तुम्हाला मागे घेऊन चालवतात. वहिनी, हात गेलेल्या माणसाचं हे काम नाही."

"पण त्यांनी का लावला? ते तर..." काकूंना वाक्य पुरं करायची गरज नव्हती. ते तर काय, हे मास्तरांइतकं कोणाला ठाऊक असणार?

मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "कारच्या टायरचं अंग मऊ असतं. खड्डा आला की तो आधी टायरच गिळतो, वर फारसा पोचू देत नाही. तुमची कंबर..." आणि मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली, आणि ते एकदम गप्प झाले. भला माणूस. पण तोवर काकूंना सगळं कळून चुकलं होतं.

मास्तर गेल्यावर त्या मशीनसमोर जाऊन बसल्या. त्या दोन बायकांच्या कंबरा का बऱ्या झाल्या नाहीत, ते आता लक्षात आलं. फोम तो फोमच होता. आपण ज्या गोष्टीचा अभिमान मिरवला ती आपली नव्हती, याची त्यांना लाज वाटली. आणि ज्याला आपण थकलेला समजलो, तो माणूस प्रत्येक वळणावर आपल्यासाठी त्या गाडीशी कुस्ती खेळत होता, हे आठवून त्यांचा ऊर भरून आला. दोन्ही एकाच वेळी झालं आणि त्या हसत हसत रडायला लागल्या.

लिफ्टवाले आले ते एक गाल सुजवून. दाढ काढली होती, तोंडात कापूस होता, आणि बोलायला मनाई होती. आत पाऊल टाकताच त्यांनी बाहेर गाडीकडे बोट दाखवलं आणि डोळे मोठे केले.

"उं?" ते म्हणाले. धाकटीच्या आरशाचा कोन बदलला होता.

"आरसा मास्तरांनी हलवला," काकू म्हणाल्या. "बसा तिथे. आज तुम्हाला बोलता येत नाही, ते बरंच आहे."

ते बसले.

"मी गाडी विकायला काढली होती. मला वाटलं तुमचे हात गेले. तुम्ही मला घेऊन कुठेतरी पडाल आणि मरून जाल असं वाटलं. म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी चालवून पाहिली आणि सांगितलं, मागचा टायर कारचा आहे."

लिफ्टवाल्यांनी डोळे मिटले. मग तोंडात बोट घालून कापूस काढला, हातात धरला, आणि त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा:

"मास्तरांना कळलं?"

"अहो, मी काय बोलतेय आणि तुम्हाला मास्तरांचं पडलंय!"

"नाही, म्हणजे... हसले का?"

"पोटभर."

लिफ्टवाल्यांनी मान खाली घातली. काकूंनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास?"

"मुळीच नाही."

"का?"

"तुमची वळणं गेली असती."

"म्हणून नाही सांगितलं," लिफ्टवाले म्हणाले. गाल सुजलेला असल्यामुळे शब्द बोबडे येत होते, पण काकूंना एकेक स्पष्ट कळत होता. "टायरवाला तर हातच लावायला तयार नव्हता. म्हणाला, काका, या वयात हे काय खूळ? त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो होतो."

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचंत. मी गावभर फोमच्या गोष्टी सांगत फिरले."

लिफ्टवाले मशीनकडे बघत राहिले. "टायर बसवला, आता तुला सांगणार, तर तू त्याच दिवशी चादर काढलीस. इतक्या महिन्यांनी. मग फेरी मारून आल्यावर म्हणालीस, माझ्या हातात अजून आहे. आता त्यावर मी काय बोलू? की तुझ्या हातात नाही, माझ्या टायरमध्ये आहे?"

या माणसाशी आपलं लग्न झालं हे किती बरं झालं, असं काकूंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतकं उघड उघड वाटलं. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कापूस घेतला आणि म्हणाल्या, "तोंड उघडा. रक्त येतंय."

रविवारी लिफ्टवाल्यांनी ती रबरी झालर काढून टाकली. काकूंना मागे बसवून चहाच्या दुकानासमोर आले आणि रांगेच्या मधोमध, शेपूट रस्त्याकडे करून धाकटी उभी केली. मंडळींतल्या एकाची नजर चाकावर गेली, मग दुसऱ्याची गेली, आणि हातांतले चहाचे कप जागच्या जागी थांबले.

"बघून घ्या," लिफ्टवाले म्हणाले. "कारचा आहे. हसायचं असेल तर एकदम हसून घ्या, पुन्हा पुन्हा नको. गाल दुखतोय."

हसले, चांगले दणकून हसले. कोणीतरी विचारलंच, आज तुमची कार कुठे लावणार म्हणून. लिफ्टवाले लाल होऊन उभे राहिले. हसणं ओसरलं तेव्हा ते हवा भरायच्या यंत्रापाशी गेले आणि मास्तरांसमोर थांबले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी इकडे लांब कशाला? तिकडे जागा आहे." मास्तरांनी क्षणभर त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, गाडी ढकलत आणली आणि धाकटीच्या शेजारी लावली.

"म्हणजे सीटमध्ये काही नव्हतंच तर," टायर कशासाठी लावला ते कळल्यावर, ज्यांनी सीट शिवून घेतल्या होत्या त्यांतले एकजण म्हणाले.

काकू उत्तर द्यायला पुढे झाल्या, पण लिफ्टवाल्यांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "टायरने कंबर सांभाळली," ते म्हणाले. "पण ती सीट शिवली म्हणून ही पुन्हा मागे बसली. टायर बघून कोणी बसतं का?"

परतीच्या रस्त्याला पाण्याच्या टाकीजवळ एक लांबलचक वळण होतं. पूर्वी ते दोघांचंही लाडकं. अलीकडे काकूंना त्याची धास्ती वाटायची. आज त्यांनी रोवलेले पाय सैल सोडले. डोळे मिटले. नवऱ्याची पाठ घट्ट व्हायला लागली तशी त्यांनी पूर्वीसारखा आपला खांदा आधी आत घातला आणि अंगाचा भार निर्धास्त सोडून दिला. धाकटीने जरा आढेवेढे घेतले आणि मग वळली.

वळण संपल्यावर लिफ्टवाल्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि हेल्मेटची काच वर केली.

"काय केलंस तू?"

"कुठे काय?"

"हँडल हलकं आलं. हवा-बिवा भरलीस की काय मागे?"

"सीटच्या खालचं मी कशाला बघू?" काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आज झुकले. इतके दिवस ताठ बसत होते. तुमचे हात सुटले तर मागून धरता यावं म्हणून."

लिफ्टवाल्यांनी मान वळवली.

"म्हणजे इतके दिवस मी त्या टायरला शिव्या घालतोय," ते म्हणाले, "आणि निम्मी अडवणूक तुझी होती?"

"निम्मी कशाला? थोडी टायरचीही असेल."

त्यांना हसू आलं, आणि हसताना काढलेल्या दाढेच्या जागी कळ आली, म्हणून ते गाल धरून हसले. काकूंनी त्यांच्या हेल्मेटवर टपली मारली. ही त्यांची निघायची खूण होती. लिफ्टवाल्यांनी काच खाली ओढली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

पुढचं वळण दिसायला लागलं तेव्हा त्यांच्या पाठीतून ती जुनी गुणगुण यायला लागली, आणि काकूंनी डोळे मिटून घेतले.